निकालाची वाट पाहताना : शाळांच्या प्रवेश-याद्यांवर किती विसंबावे?

तापीकाठची आई (जळगाव)

नमस्कार. माझी मुलगी जळगावातील एका सीबीएसई शाळेत बारावीला आहे आणि तिने अमेरिकेतील काही अतिशय निवडक विद्यापीठांकडे पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केले आहेत. एमआयटीचा निकाल प्रथेप्रमाणे १४ मार्चला, तिकडच्या संध्याकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी लागला. आपल्याकडे तेव्हा १५ तारखेची पहाट, चार वाजायला दोन मिनिटे कमी होती. तो नकार होता. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ब्राउन यांचे निकाल मार्चअखेरीस एकाच संध्याकाळी जाहीर होतात, आणि तोपर्यंत बोर्डाचे पेपरही संपलेले नसतात. मुलगी अभ्यासाला बसते, पण तिचे चित्त थाऱ्यावर नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही.

हा धागा मात्र मी धाकट्या मुलासाठी काढत आहे. माझे दीर पुण्यात असतात आणि त्यांचा मुलगा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकतो. त्या शाळेच्या माहितीपत्रकात एक अख्खे पान केवळ तेथील मुलांना प्रवेश मिळालेल्या विद्यापीठांच्या बोधचिन्हांनी भरलेले आहे. ते पान पाहिल्यापासून घरात एकच विषय चालला आहे, की मुलीच्या बाबतीत उशीर झाला, निदान मुलाला तरी नववीपासून पुण्याला ठेवावे, कारण अमेरिकेतील विद्यापीठे नववीपासूनचे गुण मागतात. मुलीच्या शाळेतून आजवर तिकडे कोणी गेलेले नाही. तेव्हा ज्यांनी हे सारे जवळून पाहिले आहे त्यांना विचारते, की शाळेच्या अशा यादीवरून मुलाच्या संधीचा अंदाज बांधता येतो का, आणि तेरा वर्षांच्या मुलाला त्यासाठी घराबाहेर पाठवणे योग्य ठरेल का?

पांझराकाठ (धुळे)

ताई, सर्वप्रथम मुलीला सांगा की एमआयटीचा नकार हा तिच्यावर किंवा तिच्या शाळेवर दिलेला निवाडा नाही. २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या तुकडीसाठी एमआयटीकडे २८,२३२ अर्ज आले आणि १,२७५ जणांना प्रवेश मिळाला. त्याच वर्षी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज होते आणि निवड १,९३७ जणांची झाली. म्हणजे शंभरातील चार-पाच जण आत आणि बाकी बाहेर. त्यातही परदेशी अर्जदारांच्या वाट्याला येणारे प्रमाण याहून कमी असते. नकार मिळालेल्यांमध्ये तिथला अभ्यास सहज पेलू शकतील अशी हजारो मुले असतात, हे विद्यापीठांचे प्रवेशाधिकारीच सांगतात.

आता त्या बोधचिन्हांच्या पानाविषयी. मी अनेक वर्षे गणित शिकवले आहे, त्यामुळे कोणी मला अंश दाखवला की मी आधी छेद विचारतो. त्या पानावर जे आहे ते मिळालेले प्रस्ताव आहेत, की प्रत्यक्ष तेथे शिकायला गेलेले विद्यार्थी? कॉमन अ‍ॅप या सामाईक ऑनलाइन अर्जावरून एक विद्यार्थी वीस महाविद्यालयांपर्यंत अर्ज करू शकतो, आणि ब्रिटनच्या यूकास या तशाच अर्जव्यवस्थेत पाच अभ्यासक्रम निवडता येतात. एका हुशार मुलीला दहा ठिकाणांहून होकार आला, तर पत्रकावर दहा बोधचिन्हे छापली जातात, मुलगी मात्र एकच असते. पुढचा प्रश्न असा, की हे पान एका वर्षाचे आहे की शाळा सुरू झाल्यापासूनचे? तुकडीत मुले किती होती, त्यांतील किती जणांनी या निवडक विद्यापीठांकडे अर्ज केले, आणि किती जणांना नकार आला? नकारांचे पान कोणतीही शाळा छापत नाही.

याहून महत्त्वाचे म्हणजे ही मुले कोण होती, हे पाहायला हवे. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर जो खटला चालला आणि ज्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जूनमध्ये दिला, त्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की प्रवेश मिळालेल्या गौरवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे ४३ टक्के हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले किंवा अधिष्ठात्यांच्या खास यादीतील होते. आपल्या मोठ्या शहरांतील आंतरराष्ट्रीय शाळांतही जन्माने अमेरिकी नागरिक असलेली, किंवा आईवडील त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असलेली मुले असतात. त्यांच्या प्रवेशाचे श्रेय शाळेच्या पत्रकावर जमा होते, परंतु जळगावहून तेथे गेलेल्या आपल्या मुलाला त्यातले काहीही लागू होत नाही.

आपल्याकडे कोचिंग क्लासच्या फलकांवर हेच चालत आले आहे. एकाच मुलाचा फोटो आपण जळगावच्या आकाशवाणी चौकात एका क्लासच्या फलकावर पाहतो आणि पुढच्या चौकात दुसऱ्याच्या, कारण एकाकडे तो दोन वर्षे शिकलेला असतो आणि दुसऱ्याकडे त्याने फक्त सराव परीक्षा दिलेल्या असतात. याच कारणाने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. फोटोतील विद्यार्थ्याने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता हे सांगणे आणि निकालानंतर त्याची लेखी संमती घेणे, हे त्यांत बंधनकारक आहे. शाळेकडून तेवढीच माहिती मागण्यात पालकांनी संकोच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चाळीसगाव ते पुणे

पांझराकाठ सरांचे छेदाविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, तरी दुसरी बाजूही मांडली जावी असे वाटते. आम्ही आमच्या मुलाला नववीत पुण्याच्या एका निवासी शाळेत ठेवले आणि त्याचा त्याला निश्चित उपयोग झाला. तेथे पूर्णवेळ समुपदेशक होत्या. सॅट ही अमेरिकी प्रवेशपरीक्षा केव्हा द्यायची, कोणते विषय घ्यायचे, निबंधाला केव्हा हात घालायचा, हे त्यांनी अकरावीतच आखून दिले होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतात आणि एका वर्षी त्या दोहोंपैकी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो, हे आम्हाला चाळीसगावात कोणी सांगितले असते? मुलाच्या वर्गातील बहुतेक जण अर्ज करीत होते, त्यामुळे आपण काही जगावेगळे करीत आहोत असे ओझे त्याच्या मनावर राहिले नाही. आमच्या गावी मात्र प्रत्येक नातेवाईक त्याला एकच प्रश्न विचारत होता, की जेईई सोडून हे काय भलतेच?

खर्च फार झाला, हे खरे. परंतु यादी फसवी असते म्हणून शाळेचा उपयोगच नसतो, असा निष्कर्ष काढू नये एवढेच माझे म्हणणे आहे.

पांझराकाठ (धुळे)

आपला अनुभव खरा आहे आणि त्याचा मी आदर करतो. समुपदेशन, वेळापत्रक, सोबतीची मुले या गोष्टी मोलाच्याच आहेत. फक्त त्या आणि ती यादी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेने मुलाला घडवले की शाळेने घडलेली मुले निवडून घेतली, हे यादीवरून कळत नाही.

याची फार चांगली तपासणी अमेरिकेत झाली आहे. बोस्टन आणि न्यूयॉर्क येथे प्रवेशपरीक्षा घेऊन मुले निवडणाऱ्या नामांकित सरकारी शाळा आहेत आणि त्यांच्या निकालांचा तिकडे मोठा दबदबा आहे. जोशुआ अँग्रिस्ट, ज्यांना पुढे २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला, आणि त्यांचे सहकारी यांनी त्या प्रवेशपरीक्षेत निवडीच्या गुणरेषेच्या थोडी वर राहिलेली आणि थोडी खाली राहिलेली मुले घेतली. म्हणजे बुद्धीने जवळपास सारखीच, पण एक गट नामांकित शाळेत गेला आणि दुसरा साध्या शाळेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांच्या पुढील गुणांत आणि निवडक महाविद्यालयांतील प्रवेशांत फारसा फरक आढळला नाही. ज्या शाळांसाठी पालक घरे बदलतात त्या शाळांविषयीचा हा निष्कर्ष आहे.

भुसावळकर

विषय परदेशी विद्यापीठांचा आहे, तरी थोडे आपल्या देशाविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्या भागातील बहुतेक मुलांसाठी ‘निवडक’ म्हणजे आयआयटी, आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) किंवा बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था. जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसण्याची पात्रता सुमारे अडीच लाख मुलांना मिळते आणि सर्व आयआयटी मिळून जागा सुमारे १८,००० आहेत. ही स्पर्धाही कठीणच आहे, परंतु एक मोठा फरक आहे. तेथे तुम्ही कोणत्या शाळेतून आलात हे कोणी पाहत नाही. रेल्वेच्या वसाहतीत राहून शिकलेला माझा मुलगा आज आयसरमध्ये आहे, आणि त्याच्या शाळेचे नाव प्रवेशाच्या वेळी कोणाला ठाऊकही नव्हते. अमेरिकेत शाळेचे पत्र, शाळेचा परिचय हे सारे लागते, म्हणून तेथे शाळेचा प्रश्न उभा राहतो. तापीकाठच्या ताईंनी धाकट्याचा कल नेमका कोठे आहे हे आधी पाहावे. आठवीतल्या मुलाचा देश आजच ठरवण्याची घाई कशाला?

केळीबाग (रावेर)

माझी मुलगी सध्या अमेरिकेतील एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिचा जवळजवळ सर्व खर्च महाविद्यालयाने उचलला आहे. म्हणून ज्या बाजूला या धाग्यात अजून कोणी हात घातला नाही, त्या पैशाच्या बाजूविषयी लिहितो. माझ्या मते शाळांच्या याद्यांमधील सर्वात मोठी लपलेली गोष्ट तीच आहे.

या विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आज ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे सुमारे सत्तर लाख रुपये. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर तिचा प्रवेशाच्या निर्णयावर काहीही परिणाम होऊ न देणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमाउथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडन, नोटर डेम आणि अलीकडे ब्राउन ही त्यांतील मुख्य होत. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल, पेनसिल्व्हेनिया येथे मदत मिळते आणि चांगली मिळते, परंतु परदेशी मुलाने मदत मागितली आहे ही गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. याचा सरळ अर्थ असा, की पूर्ण शुल्क भरू शकणाऱ्या घरातील मुलाला अशा ठिकाणी संधी अधिक असते. आता ज्या शाळेचे स्वतःचे शुल्कच वर्षाला अनेक लाख आहे, तेथील बहुतेक मुले मदत न मागता अर्ज करतात. त्यांची यादी पाहून माझ्यासारख्या शेतकऱ्याने काय समजावे? आमच्याकडे निर्यातीसाठी बागेतच घड निवडून, डागाळलेल्या फण्या बाजूला काढून माल भरतात. पेटी उघडल्यावर सारी केळी उत्तम निघतात, पण ती पेटीमुळे उत्तम झालेली नसतात.

मदतीचा अर्ज सीएसएस प्रोफाइल नावाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, आणि खानदेशातील शेतकरी कुटुंबाची खरी कसोटी तेथे लागते. पहिली अडचण आयकर विवरणपत्राची. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आम्ही ते भरतच नव्हतो, आणि तिकडच्या कार्यालयाला विवरणपत्र नसलेला माणूस म्हणजे उत्पन्न लपवणारा वाटू नये, याची काळजी घ्यावी लागते. आम्ही विवरणपत्र का भरत नाही याचे सहीनिशी निवेदन दिले. त्यासोबत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खातेउतारे, व्यापाऱ्यांकडील हिशेबपट्ट्या आणि सोसायटीच्या पीककर्जाचा उतारा जोडला. प्रत्येकाचे इंग्रजी भाषांतर केले.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. अर्जात जमिनीची किंमत विचारतात. सातबाऱ्यावर चुलत्यांसह सामाईक नावे आणि गावातला भाव डॉलरमध्ये मांडला की आपण कागदोपत्री श्रीमंत दिसतो. ज्या जमिनीवर घर चालते ती विकून चार वर्षांचे शुल्क भरता येत नाही, ही गोष्ट आपल्याला सांगावी लागत नाही, पण बोस्टनमध्ये बसलेल्या माणसाला सांगावी लागते. आम्ही आठ-अचा उतारा जोडून आमच्या वाट्याला प्रत्यक्ष किती क्षेत्र येते ते दाखवले, आणि स्वतंत्र पत्रात लिहिले की हीच जमीन उपजीविकेचे एकमेव साधन आहे. तिसरी गोष्ट म्हणजे केळीचे उत्पन्न एका वर्षावरून ठरत नाही. एखाद्या वर्षी भाव चांगला मिळतो, पुढच्या वर्षी मे-जूनच्या वादळात बाग आडवी होते किंवा कुकुंबर मोझॅक या विषाणूजन्य रोगामुळे रोपे उपटून टाकावी लागतात. म्हणून एकाच वर्षाचा आकडा न देता मागील काही वर्षांचा हिशेब एका पानावर मांडला आणि ज्या वर्षी नुकसान झाले त्या वर्षीचा तलाठ्यांचा पंचनामा जोडला.

हे सारे काम मी, माझी मुलगी आणि तिच्या शाळेतील एक कारकून, अशा तिघांनी मिळून केले. त्या शाळेची कोणतीही यादी नाही. परंतु मुलीला जो कागद ज्या दिवशी लागला तो त्या शाळेने त्याच दिवशी दिला. माझ्या लेखी शाळेचे यश ते आहे.

आणखी एक सांगतो. २०२५-२६ पासून हार्वर्डने वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी सर्व खर्च माफ केला आहे आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मदतीचे तेच धोरण लागू आहे. ही रक्कम रुपयांत मांडून पाहिली, तर आपल्या भागातील शिक्षक, कारकून, शेतकरी बहुतेक सारे त्यात येतात. शुल्काचा आकडा पाहूनच जे पालक अर्ज करू देत नाहीत त्यांनी हे वाचावे.

सानेगुरुजींच्या गावची (अंमळनेर)

मी अंमळनेरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे समुपदेशक हे पद नाही. मागे एका विद्यार्थ्याने अमेरिकेत अर्ज करायचे ठरवले, तेव्हा प्राचार्यांच्या परवानगीने ते काम मी अंगावर घेतले, आणि तेव्हापासून करीत आहे. शाळेने नेमके काय करायचे असते हे पालकांना आणि पुष्कळदा शाळांनाही ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

कॉमन अ‍ॅपमध्ये शाळेकडून नववी ते बारावीचे गुणपत्रक, शाळेचा अहवाल, समुपदेशकाचे पत्र, विषयशिक्षकांची शिफारसपत्रे आणि बारावीच्या मध्यावरील गुण जातात. याखेरीज एक कागद असतो, ज्याला शाळेचा परिचय म्हणता येईल. तो एक-दोन पानांचाच असतो, पण माझ्या अनुभवाने छोट्या गावातील मुलासाठी त्याच्याइतका महत्त्वाचा कागद दुसरा नाही. मुलाने जे केले ते कोणत्या परिस्थितीत केले, हे तो कागद सांगतो. ज्या शाळेत अमेरिकी पद्धतीचे प्रगत विषय शिकवलेच जात नाहीत, तेथील मुलाने ते का घेतले नाहीत असे कोणी विचारत नाही, मात्र ते शिकवले जात नाहीत हे आधी शाळेने लिहिलेले असावे लागते. आम्ही आमच्या परिचयात लिहिले, की वर्गात विद्यार्थी किती आहेत, निवडीसाठी कोणते विषय उपलब्ध आहेत, किती मुले रोज एसटीने खेड्यावरून येतात, आणि आमच्या अकरावीच्या गुणदानात पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थीही साधारण किती टक्क्यांपर्यंत पोहोचतो. हे शेवटचे वाक्य नसते, तर आमच्याकडचे ७८ टक्के आणि मुंबईतील एखाद्या शाळेचे ९६ टक्के हे शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले असते.

शिफारसपत्राविषयी तर कळकळीने सांगावेसे वाटते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ असा एक रकाना असतो, आणि आपल्याकडची बहुतेक शिफारसपत्रे त्याच रकान्याचा विस्तार असतात. विद्यार्थी आज्ञाधारक आहे, कष्टाळू आहे, स्नेहसंमेलनात भाग घेतो, एवढ्यावर पत्र संपते. मी ज्या विद्यार्थ्याविषयी वर लिहिले तो गणिताचा वेडा होता. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापन केला आणि त्यासाठी दाने दिली गेली, अशी नोंद त्यात आहे. हा मुलगा सुट्टीत तेथे जाऊन आला. आठशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारी गणिताची शाळा होती या एका गोष्टीने तो इतका भारला, की त्याने दर शनिवारी आठवीच्या मुलांना जुन्या पद्धतीची गणिते घालायला सुरुवात केली. त्यातील एक मुलगी भागाकाराला घाबरत असे. तिच्यासाठी त्याने शेंगदाण्यांच्या वाट्या मांडून उदाहरण पुन्हा रचले, ते मी दाराशी उभी राहून पाहिले होते. मी पत्रात तेवढेच लिहिले, विशेषणे काढून टाकली. त्या मुलाला प्रवेश मिळाला. पत्रामुळे मिळाला असा दावा मी करणार नाही, परंतु कोणत्याही मोठ्या शाळेतील समुपदेशकाने याहून वेगळे काही लिहिले नसते, हे मात्र मी खात्रीने सांगते.

म्हणून ताई, आपल्या मुलाच्या आत्ताच्या शाळेला जाऊन तीन गोष्टी विचारा. नववीपासूनचे गुण ते इंग्रजीत, शिक्क्यानिशी, वेळेवर देतील का. मुलाला जवळून ओळखणारे आणि मनापासून लिहिणारे एक-दोन शिक्षक तेथे टिकून आहेत का. आणि शाळेचा परिचय तयार करण्याची मुख्याध्यापकांची तयारी आहे का. यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर पुण्याची शाळा मुलाला जे देईल त्यातील बराचसा भाग जळगावातच मिळेल. वेळापत्रकाची माहिती तर या धाग्यासारख्या ठिकाणीही मिळते. उत्तरे नकारार्थी असतील आणि शाळा बधत नसेल, तर शाळा बदलण्याचा विचार जरूर करा, पण तो बोधचिन्हांच्या पानावरून करू नका.

चाळीसगाव ते पुणे

सानेगुरुजींच्या गावच्या मॅडम, आपण लिहिलेले वाचून फार समाधान वाटले. असे शिक्षक आमच्या मुलाला गावात मिळाले असते, तर आम्ही कदाचित वेगळा निर्णय घेतला असता. माझ्या आधीच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली, ती प्रामाणिकपणे सांगते. मुलगा घरापासून दूर राहिल्याने पहिले वर्ष त्याला फार जड गेले. सणवारांना येई तेव्हा तो पाहुण्यासारखा वागे. ती किंमतही हिशेबात धरावी.

तापीकाठची आई (जळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या काळात निकाल लागले. दोन ठिकाणी नकार आला, एका मोठ्या विद्यापीठाने प्रतीक्षायादीत ठेवले आहे, आणि एका लहान पण चांगल्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. तेथील आर्थिक मदतीचे पत्रही सोबतच आले. मात्र त्यांनी धरलेला आमचा वाटा आम्हाला झेपणारा नाही. माझ्या यजमानांच्या नावे वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा आहे, आणि केळीबाग दादांनी सांगितले तेच आमच्या बाबतीत झाले असावे, असे पत्र वाचून दिसते.

धाकट्याविषयी आम्ही ठरवले आहे की त्याला निदान दहावीपर्यंत येथेच ठेवायचे. त्याच्या मुख्याध्यापिकांना मी भेटून आले. शाळेचा परिचय हा शब्द त्यांनी प्रथमच ऐकला, परंतु नमुना मिळाला तर तयार करू, असे त्या लगेच म्हणाल्या. माझ्या दिरांना हा निर्णय पटलेला नाही.

आता दोन गोष्टींविषयी मार्गदर्शन हवे आहे. मदतीच्या रकमेचा फेरविचार मागता येतो का? आणि प्रतीक्षायादीच्या आशेवर किती राहावे?

केळीबाग (रावेर)

फेरविचार मागता येतो आणि जरूर मागावा. महाविद्यालयाच्या आर्थिक मदत कार्यालयाला मुलीच्या नावाने सभ्य भाषेत पत्र लिहा. नुसती रक्कम वाढवून द्या असे न म्हणता, त्यांच्या हिशेबात कोणती गोष्ट वेगळी धरली गेली आहे ते दाखवा. सामाईक खात्यातील तुमचा हिस्सा, त्या जमिनीवर अवलंबून असलेली माणसे आणि चालू कर्ज, ही कागदपत्रे जोडा. सातबाऱ्याचे भाषांतर करताना ‘सामाईक क्षेत्र’ ही नोंद सुटणार नाही याकडे लक्ष द्या. दुसऱ्या महाविद्यालयाकडून अधिक मदतीचे पत्र आले असते तर तेही जोडता आले असते, पण तसे नसल्याने कागदांवरच भर द्यावा लागेल. उत्तराला वेळ लागतो, म्हणून याच आठवड्यात पाठवा. मसुदा येथे टाकलात तर मी वाचून पाहीन.

सानेगुरुजींच्या गावची (अंमळनेर)

प्रतीक्षायादीत राहायचे असल्यास तसा होकार त्यांच्या संकेतस्थळावर कळवावा लागतो. तो न कळवल्यास नाव आपोआप निघते. त्यानंतर मुलीने स्वतः एक छोटे पत्र लिहावे. अर्ज केल्यानंतर नवे काय घडले, आणि प्रवेश मिळाल्यास ती येईल का, एवढेच त्यात असावे. शाळेकडून बारावीचे ताजे गुणही पाठवता येतात. मात्र ज्या महाविद्यालयाने प्रवेश दिला आहे त्याला १ मेपर्यंत होकार द्यायचा असतो, आणि प्रतीक्षायादीतील नावे बहुधा त्यानंतरच हलू लागतात. त्यामुळे फेरविचारात रक्कम झेपण्याजोगी झाली, तर हाती असलेली जागा अनामत भरून पक्की करा. पुढे प्रतीक्षायादीतून बोलावणे आलेच, तर अनामत सोडून जाता येते. फक्त परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रतीक्षायादीतून मदतीसह जागा निघणे फार विरळ असते, हे मुलीला आजच स्पष्ट सांगितलेले बरे.

शाळेच्या परिचयाचा आमचा नमुना मी आमच्या प्राचार्यांना विचारून, विद्यार्थ्यांची नावे काढून, येत्या सोमवारपर्यंत येथे टाकते. जळगावच्या शाळेसाठी त्यातील अकरावीच्या गुणदानाचा परिच्छेद तुम्हाला पूर्ण बदलावा लागेल, कारण तुमचे बोर्ड वेगळे आहे.